मीडिया बॉक्सवरचे स्ट्रीमिंग सराउंड ध्वनीसह रेकॉर्ड करताना : काय जमते आणि काय जमत नाही

दोन तासांचे रेकॉर्डिंग पूर्ण झाले, चित्र स्वच्छ उमटले, फाइलच्या माहितीत ध्वनीपुढे ‘६ चॅनेल’ असेही दिसले. आणि ती फाइल रिसीव्हरवर (स्पीकरांना आवाज वाटून देणाऱ्या उपकरणावर) लावली तेव्हा निवेदकाचा आवाज मधल्या स्पीकरऐवजी सबवूफरमधून, तोंडावर उशी दाबल्यासारखा घुमू लागला. हे माझ्याच बाबतीत घडले आहे. कार्यक्रम एका संगीत महोत्सवाचा होता, आयोजकांनी तो कोणत्याही कुलपाविना, म्हणजे नक्कल रोखणाऱ्या संरक्षणाविना, प्रक्षेपित केला होता आणि रेकॉर्डिंगला त्यांची परवानगी होती. म्हणजे या कामातला सर्वांत मोठा अडथळा मुळातच नव्हता. तरीही काम फसले, कारण मीडिया बॉक्स, कॅप्चर कार्ड (बॉक्सचे चित्र आणि ध्वनी पकडून संगणकाला देणारे उपकरण) आणि संगणक या तिघांनी आपापसांत काय ठरवले आहे, हे मी बटण दाबण्यापूर्वी तपासलेच नव्हते.

सराउंड ध्वनी रेकॉर्डिंगमध्ये ‘गेला’ असे आपण सहज म्हणतो. प्रत्यक्षात बहुतेक वेळा तो रेकॉर्डरपर्यंत आलेलाच नसतो. सहा चॅनेलचे (५.१, म्हणजे पाच स्पीकर आणि एक सबवूफर) दोन, म्हणजे स्टीरिओ, कुठे झाले, हे शोधायचे तर सर्व्हरपासून फाइलपर्यंतची साखळी कडी-कडीने तपासावी लागते. ही तपासणी कशी करावी आणि कोणत्या कडीपाशी प्रयत्न सोडून द्यावा, हे पुढे क्रमाने सांगितले आहे. मीडिया बॉक्स म्हणजे येथे एचडीएमआय तारेने टीव्हीला जोडला जाणारा लहान संगणक असे समजावे, मग त्यावर अँड्रॉइड टीव्ही चालत असो, ॲपलची प्रणाली असो किंवा कोडी हे चित्रफिती व वाहिन्या वाजवणारे सॉफ्टवेअर असो.

रेकॉर्ड करायचे की उतरवून घ्यायचे?

पहिला प्रश्न असा की, रेकॉर्डिंगची खरोखर गरज आहे का. सर्व्हरवर ध्वनी एकदा संकुचित झालेला असतो, बॉक्स तो उलगडतो, कॅप्चर कार्ड तो पुन्हा पकडते आणि संगणक तो पुन्हा संकुचित करतो. मूळ प्रवाह जसाच्या तसा हाती येत असेल, तर हा सगळा द्राविडी प्राणायाम करण्याचे कारण नाही.

कोडीचे उदाहरण घ्यावे. थेट वाहिन्यांच्या पडद्यावर तेथे रेकॉर्डचे बटण दिसते, परंतु रेकॉर्डिंग कोडी स्वतः करत नाही. ते काम मागे चालणारा टीव्हीहेडएंड, नेक्स्टपीव्हीआर किंवा मिथटीव्ही यांसारखा सर्व्हर करतो. ट्यूनरमधून आलेला ट्रान्सपोर्ट स्ट्रीम, म्हणजे प्रक्षेपणाचा मूळ प्रवाह, हा सर्व्हर थेट डिस्कवर उतरवतो, आणि प्रक्षेपणात डॉल्बी डिजिटल या संकुचित ध्वनी प्रकाराचा ५.१ ट्रॅक असेल तर तोही एका बिटाचा फरक न पडता उतरतो. अट एवढीच की, सर्व्हरवरील रेकॉर्डिंगचे प्रोफाइल ‘पास’ म्हणजे जसेच्या तसे ठेवणारे असावे. ट्रान्सकोड करणारे, म्हणजे पुन्हा संकुचित करणारे, प्रोफाइल निवडले गेले, तर त्यात ध्वनी स्टीरिओवर आणलेला असण्याची शक्यता मोठी असते. जशीच्या तशी उतरवलेल्या फाइलमध्ये पुष्कळदा दोन ध्वनी ट्रॅक असतात आणि प्लेअर पहिला, म्हणजे स्टीरिओ, वाजवतो. रेकॉर्डिंग बिघडले असे ठरवण्यापूर्वी दुसरा ट्रॅक निवडून पाहावा.

इंटरनेटवरील खुल्या प्रवाहांची गोष्ट थोडी निराळी आहे. एचएलएस आणि डॅश या दोन्ही पद्धतींत कार्यक्रम काही सेकंदांच्या तुकड्यांत विभागलेला असतो आणि ध्वनीची यादी चित्रापासून वेगळी असू शकते. स्टीरिओची एक, ५.१ची दुसरी, आणि प्रत्येक भाषेची आणखी वेगळी. एफएफएमपेगसारख्या साधनाला काहीच सांगितले नाही, तर ते सर्वाधिक चॅनेल असलेला एकच ध्वनी प्रवाह उचलते. ऐकायला हे सोयीचे वाटते. पण आपल्याला हवी असलेली भाषा केवळ स्टीरिओमध्ये असेल आणि दुसरी एखादी भाषा ५.१मध्ये असेल, तर आपल्या हाती ती दुसरी भाषा पडते. म्हणून सर्व प्रवाह घ्यावेत आणि पुन्हा संकुचित न करता कॉपी करावेत, असे साधनाला स्पष्टपणे सांगावे. निवड नंतर सावकाश करता येते.

केबल किंवा उपग्रह सेवेच्या सेट-टॉप बॉक्सची आतली डिस्क मात्र या सोयीत बसत नाही. त्यातील रेकॉर्डिंग बहुधा कूटबद्ध असते आणि त्याच बॉक्सशी बांधलेले असते. डिस्क काढून संगणकाला लावली तरी हाती काही लागत नाही.

कुलूप कुठे आहे, ते आधी पाहावे

सशुल्क सेवांचे चित्रपट आणि मालिका वाइडवाइन, प्लेरेडी किंवा फेअरप्ले यांपैकी एखाद्या संरक्षणाखाली येतात. उच्च दर्जाच्या वाइडवाइन एल१ पातळीवर उलगडण्याचे काम प्रोसेसरच्या सुरक्षित भागात होते. बॉक्सवर चालणाऱ्या स्क्रीन रेकॉर्डर ॲपला तिथे डोकावता येत नाही आणि त्याला केवळ काळा पडदा मिळतो. अशा वेळी कधी कधी आवाज येतो, पण तो प्रणालीच्या मिश्रणातून आलेला, बहुधा स्टीरिओच असतो.

बॉक्समधून बाहेर पडल्यावर एचडीसीपी या एचडीएमआय तारेवरील संरक्षणाची हद्द सुरू होते. बॉक्स आणि टीव्ही एकमेकांची ओळख किल्ल्यांनी पटवतात आणि मगच कूटबद्ध संकेत पाठवला जातो. ४केसाठी बहुतेक सेवा एचडीसीपी २.२ मागतात. नियम पाळणारे कॅप्चर कार्ड येथे काळे चित्र किंवा सूचना दाखवून थांबते. ‘चित्र नसले तरी निदान ध्वनी तरी घेऊ’ हा विचार पुष्कळांच्या मनात येतो. परंतु एचडीएमआयमध्ये ध्वनी चित्राच्याच प्रवाहात मोकळ्या जागांमध्ये बसवून पाठवला जातो आणि एचडीसीपी त्यालाही कूटबद्ध करते, त्यामुळे तोही हाती येत नाही.

हे कुलूप तोडण्याचे मार्ग येथे दिलेले नाहीत आणि ते देण्याचा हेतूही नाही. १९९६च्या जागतिक प्रताधिकार करारानंतर अनेक देशांनी अशा संरक्षणाला वळसा घालणे हाच स्वतंत्र गुन्हा ठरवला आहे. स्वतःपुरती प्रत काढणे चालते की नाही, हा त्याहून वेगळा प्रश्न आहे. संरक्षित कार्यक्रम जवळ ठेवायचा असेल तर सेवेची स्वतःची डाउनलोड सोय वापरावी, आणि तिच्यात सराउंड ट्रॅक येतो की नाही ते सेवेच्या मदत पानावर आधी पाहून घ्यावे.

एक झटपट चाचणी सांगण्यासारखी आहे. कॅप्चरच्या खिडकीत बॉक्सचे मुख्य पान दिसते, मेनू दिसतो, पण कार्यक्रम सुरू होताच पडदा काळा होतो, असे घडले तर अडचण संरक्षणाची आहे. ध्वनीच्या सेटिंगमध्ये संध्याकाळ घालवू नये. काही गेम कन्सोलमध्ये खेळ रेकॉर्ड करण्यासाठी एचडीसीपी बंद करण्याची अधिकृत सोय असते, परंतु ती बंद असेपर्यंत स्ट्रीमिंगची ॲप्स उघडत नाहीत. यातून व्यवस्थेची भूमिका पुरेशी स्पष्ट होते.

तारेच्या दुसऱ्या टोकाने काय सांगितले?

पुढचे सर्व विवेचन कुलूप नसलेल्या मजकुराविषयी आहे : स्वतः तयार केलेले कार्यक्रम, परवानगी असलेली थेट प्रक्षेपणे, घरच्या सर्व्हरवरील आपल्या चित्रफिती, खेळ. सराउंड ध्वनी येथेही हरवतो, आणि त्याचे सर्वांत नेहमीचे कारण ईडीआयडी, म्हणजे उपकरणाचे ओळखपत्र, हे असते.

एचडीएमआयची तार जोडल्याबरोबर बॉक्स समोरच्या उपकरणाचे ओळखपत्र वाचतो. त्याचा मूळ भाग १२८ बाइटचा असतो आणि ध्वनीची माहिती त्याला जोडलेल्या १२८ बाइटच्या पुरवणीत असते. प्रत्येक ध्वनी प्रकारासाठी तेथे अवघे तीन बाइट असतात : कोणता प्रकार आणि किती चॅनेल, कोणते सॅम्पलिंग दर, आणि किती बिटांची खोली किंवा किती बिटदर. स्वस्त कॅप्चर कार्डच्या ओळखपत्रात ध्वनीची एकच नोंद असते : साधा पीसीएम (असंकुचित ध्वनी), दोन चॅनेल. बॉक्स आज्ञाधारकपणे दोनच चॅनेल पाठवतो.

गोष्ट एवढ्यावर थांबत नाही. स्ट्रीमिंगचे ॲप बॉक्सच्या प्रणालीला विचारते की बाहेर कोणते प्रकार चालतात, आणि उत्तर ‘स्टीरिओ’ असे आले की ते सर्व्हरकडे स्टीरिओ ट्रॅकच मागते. म्हणजे ५.१ चा ट्रॅक घरात उतरलेलाच नसतो. अशा रेकॉर्डिंगमधून नंतर कोणत्याही प्रक्रियेने सहा चॅनेल ‘परत’ मिळत नाहीत. जे मिळते तो अंदाजाने केलेला पसारा असतो, आणि तो सराउंड म्हणून जपून ठेवू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

याच्या उलट प्रकार अधिक चकवा देणारा आहे. काही कार्डे आपले ओळखपत्र बाजूला ठेवून, पलीकडे जोडलेल्या टीव्हीचे किंवा रिसीव्हरचे ओळखपत्र बॉक्सला दाखवतात. रिसीव्हर डॉल्बी समजणारा असल्याने बॉक्स संकुचित बिटस्ट्रीम, म्हणजे न उलगडलेला प्रवाह, पाठवू लागतो. रिसीव्हरवर सुरेख ५.१ ऐकू येते आणि आपण निश्चिंत होतो. कार्डाला मात्र तो बिटस्ट्रीम उलगडता येत नाही, त्यामुळे फाइलमध्ये शांतता किंवा खरखर उतरते. पलीकडचे उपकरण जितके चांगले, तितके रेकॉर्डिंग वाईट, असा हा उलटा न्याय आहे. कार्डाच्या सॉफ्टवेअरमध्ये ईडीआयडी निवडण्याची सोय असल्यास कार्डाचेच ओळखपत्र निवडावे, आणि मध्ये स्प्लिटर (एक संकेत अनेक तारांत वाटणारे उपकरण) असेल तर तो कोणत्या पोर्टचे ओळखपत्र पुढे करतो ते त्याच्या माहितीपत्रकात पाहावे. स्टीरिओ टीव्ही त्या पोर्टला लावलेला असला, तर त्याच्यापायी साऱ्या साखळीचा आवाज स्टीरिओ होतो.

कार्ड विकत घेताना ‘७.१ सराउंड’ हे शब्द कोणत्या वाक्यात आले आहेत ते नीट वाचावे. पुष्कळदा ते केवळ पासथ्रूविषयी असतात, म्हणजे ध्वनी टीव्हीपर्यंत अखंड जाईल एवढीच हमी. आपल्याला ‘बहुचॅनेल पीसीएम रेकॉर्डिंग’ असे नि:संदिग्धपणे लिहिलेले हवे, आणि ते आपल्या संगणकाच्या प्रणालीवर चालते हेही लिहिलेले हवे.

खरखर म्हणजे नेमके काय असते?

बिटस्ट्रीम पकडला गेला की फाइलमध्ये येणारा तो चरचरणारा आवाज एकदा जवळून पाहण्यासारखा आहे. डॉल्बी डिजिटलचा ५.१ प्रवाह साध्या स्टीरिओ पीसीएमच्या वेषात पाठवण्याची पद्धत आयईसी ६१९३७ या मानकाने ठरवून दिली आहे. १६ बिट, ४८ किलोहर्ट्झ स्टीरिओ पीसीएमचा वेग सेकंदाला १५,३६,००० बिट असतो. डॉल्बी डिजिटलची एक फ्रेम १,५३६ सॅम्पलची, म्हणजे ३२ मिलिसेकंदांची असते, आणि तेवढ्या वेळात स्टीरिओ पीसीएममध्ये ६,१४४ बाइट मावतात. ४४८ किलोबिट दराच्या प्रवाहात एका फ्रेमला १,७९२ बाइट पुरतात; तिच्या आधी आठ बाइटचा मथळा असतो आणि उरलेली जागा शून्यांनी भरलेली असते.

ऑडॅसिटीसारख्या संपादकात असे रेकॉर्डिंग उघडून पुरेसे मोठे करून पाहिले, तर हे सगळे डोळ्यांना दिसते : साधारण ९ मिलिसेकंद दाट, काठोकाठ भरलेली लहर, मग सुमारे २३ मिलिसेकंद सपाट रेषा, पुन्हा लहर, पुन्हा रेषा, सेकंदाला सव्वाएकतीस वेळा. हा आकृतिबंध एकदा ओळखता आला की तारेचा दोष कोणता आणि न उलगडलेला डॉल्बी कोणता, यात गल्लत होत नाही.

अशी फाइल लगेच पुसून टाकू नये. रेकॉर्डिंग पीसीएम किंवा फ्लॅकमध्ये (काहीही न गमावता संकुचित करणाऱ्या प्रकारात) झाले असेल, वाटेत आवाजाची पातळी पूर्ण १०० टक्क्यांवर असेल आणि सॅम्पलिंग दर बदलला गेला नसेल, तर तो डॉल्बी प्रवाह शाबूत असतो व एफएफएमपेगला तो ओळखून बाहेर काढता येतो. मात्र पातळी किंचित जरी कमी केलेली असेल किंवा ध्वनी एएसीमध्ये, म्हणजे तपशील गाळून, संकुचित झाला असेल, तर बिट बदलतात आणि मग त्या खरखरीतून काहीही निघत नाही.

ही पळवाट जुन्या डॉल्बी डिजिटल आणि मूळ डीटीएस या दुसऱ्या ध्वनी प्रकारापुरतीच आहे. स्ट्रीमिंगमध्ये मुख्यतः वापरला जाणारा डॉल्बी डिजिटल प्लस त्याच मानकानुसार चौपट वेगाने, म्हणजे ४८ किलोहर्ट्झच्या ध्वनीसाठी १९२ किलोहर्ट्झच्या वाहकावरून जातो, आणि ४८ किलोहर्ट्झवर थांबणारी कार्डे तो घेऊ शकत नाहीत. ऑप्टिकल तारेतूनही तो जात नाही. ऑप्टिकल आणि साधा एआरसी (टीव्हीचा ध्वनी एचडीएमआय तारेनेच रिसीव्हरकडे परत नेणारी सोय) यांची मजल दोन चॅनेल पीसीएम किंवा संकुचित ५.१ एवढीच असते, बहुचॅनेल पीसीएम त्यांच्या आवाक्याबाहेरचा आहे. एआरसीवर डॉल्बी डिजिटल प्लस जातो खरा, पण कॅप्चर कार्डाच्या दृष्टीने त्याचा काही उपयोग नाही.

यावरून पहिला नियम निघतो : ध्वनी बॉक्सलाच उलगडू द्यावा आणि कार्डाकडे बहुचॅनेल पीसीएम पाठवावा. सांगायला सोपा असलेला हा नियम पाळणे प्रत्येक बॉक्सला जमत नाही. अनेक अँड्रॉइड बॉक्स ‘पीसीएम’ निवडताच डॉल्बीचे सहा चॅनेल दोनांत मिसळतात. ॲपलचा बॉक्स स्वतः उलगडून बहुचॅनेल पीसीएम देतो, पण तेथे ‘स्वरूप बदला’ हा पर्याय चालू असेल तर तो सगळे पुन्हा डॉल्बी डिजिटलमध्ये गुंडाळतो. तो बंद ठेवावा. कोडीमध्ये ‘पासथ्रूला परवानगी’ बंद करावी, चॅनेलची संख्या ५.१ ठेवावी आणि ध्वनीचे साधन म्हणून एचडीएमआय निवडावे. कोडी स्वतः उलगडतो आणि सहाही चॅनेल वेगळे पाठवतो. माझ्या अनुभवात या कामासाठी सर्वांत कमी त्रास देणारा मार्ग हाच आहे.

ॲटमॉसचे काय?

येथे अपेक्षा आवरलेली बरी. स्ट्रीमिंगमधील डॉल्बी ॲटमॉस म्हणजे डॉल्बी डिजिटल प्लसचा ५.१ पाया आणि त्याच्या जोडीला कोणता आवाज अवकाशात कुठे ठेवायचा याची माहिती. बॉक्सने ते साध्या पीसीएममध्ये उलगडले की पाया उरतो, ठिकाणांची माहिती जाते. डोक्यावरून जाणाऱ्या हेलिकॉप्टरचा आवाज नाहीसा होत नाही. तो पाच स्पीकरांत आधीच मिसळलेला असतो आणि तसाच रेकॉर्ड होतो, फक्त त्याची उंची जाते. ती उंची घरगुती कॅप्चर कार्डाने पकडता येत नाही, असे धरूनच चालावे आणि ५.१ नीट मिळवण्यावर लक्ष द्यावे.

प्रत्यक्ष जुळणी

बॉक्सची एचडीएमआय तार थेट कार्डात लावावी. रिसीव्हर आणि स्प्लिटर पहिल्या चाचणीपुरते बाजूला ठेवावेत. बॉक्सच्या ध्वनी सेटिंगमध्ये मेनूचे टिकटिक आवाज बंद करावेत, कारण काही बॉक्स ते मिसळण्यासाठी मूळ ध्वनी उलगडून पुन्हा गुंडाळतात. सराउंड ध्वनीचा पर्याय ‘आपोआप’ असेल तर तो आधी तसाच ठेवून पाहावा, आणि बॉक्सने दाखवलेल्या चालणाऱ्या प्रकारांच्या यादीत बहुचॅनेल पीसीएम आहे की नाही ते वाचावे. सेटिंग बदलल्यावर ॲप पूर्ण बंद करून पुन्हा उघडणे आवश्यक असते. चालू असलेला कार्यक्रम जुन्याच ट्रॅकवर चालू राहतो आणि बदलाचा काही परिणाम झाला नाही असा गैरसमज होतो.

संगणकाच्या बाजूला, कार्डाचे ध्वनी साधन प्रणालीला किती चॅनेलचे दिसते ते पाहावे. तेथेच २ असेल तर पुढचे काहीही बदलून उपयोग नाही. अगदी स्वस्त यूएसबी डोंगलांपैकी काही तर आपला ४८ किलोहर्ट्झचा स्टीरिओ ध्वनी ९६ किलोहर्ट्झचा मोनो म्हणून जाहीर करतात. त्यांच्याकडून सहा चॅनेलची आशा करणे म्हणजे वाळूतून तेल काढण्यासारखे आहे.

रेकॉर्डिंगसाठी ओबीएस हे सॉफ्टवेअर वापरत असल्यास सेटिंगमधील ध्वनी विभागात चॅनेल ‘५.१’ करावेत आणि सॅम्पलिंग दर ४८ किलोहर्ट्झ ठेवावा. हा पर्याय साऱ्या प्रकल्पाला लागू होतो. येथे एक सापळा आहे : स्रोत स्टीरिओ असला तरी ओबीएस सहा चॅनेलचीच फाइल लिहिते आणि उरलेले चॅनेल रिकामे ठेवते, त्यामुळे फाइलच्या माहितीतील ‘६’ या आकड्यावर विश्वास ठेवता येत नाही. ध्वनीसाठी अलीकडच्या आवृत्त्यांत फ्लॅक आणि पीसीएम उपलब्ध आहेत. पहिल्या रेकॉर्डिंगला फ्लॅकच घ्यावे. एएसी घ्यायचेच असेल तर ५.१साठी ३८४ किलोबिटच्या खाली उतरू नये. फाइलचा साचा एमकेव्ही ठेवावा. वीज गेली किंवा संगणक अडकला तर एमकेव्हीमध्ये तोपर्यंतचा भाग वाचता येतो. साध्या एमपी४ची अनुक्रमणिका शेवटी लिहिली जात असल्याने ती फाइल अर्ध्यावर तुटली की बहुधा उघडतच नाही.

जागा आणि जुळलेले ओठ

सहा चॅनेल, १६ बिट, ४८ किलोहर्ट्झ असा असंकुचित ध्वनी तासाला सुमारे २ जीबी घेतो. तोच २४ बिटांचा केला तर ३ जीबीच्या थोडा वर जातो. ६४० किलोबिटच्या डॉल्बी डिजिटलला तेवढ्याच वेळात २८८ एमबी पुरतात. डिस्क मोठी असल्यास हा फरक सोसता येतो, पण ध्वनी वेगळा काढून साध्या वेव्ह फाइलमध्ये साठवताना ४ जीबीची मर्यादा आडवी येते, कारण त्या साच्यात आकारासाठी ३२ बिटच राखलेले आहेत. २४ बिटांचा ५.१ ध्वनी ही मर्यादा साधारण एक तास तेवीस मिनिटांत गाठतो. लांब कार्यक्रमासाठी फ्लॅक किंवा आरएफ६४ साचा वापरावा.

ओठ आणि आवाज यांतले अंतर दोन प्रकारचे असते. सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखेच अंतर असेल तर ओबीएसमध्ये ध्वनीला मिलिसेकंदांत विलंब देऊन ते मिटवता येते. अंतर हळूहळू वाढत जात असेल तर बॉक्सचे आणि संगणकाचे घड्याळ एका गतीने चालत नाही, असा अर्थ होतो. दोन घड्याळांत दहा लाखांमागे ५० इतका जरी फरक असला, तरी दोन तासांअखेर तो ०.३६ सेकंदांवर जातो आणि ते डोळ्यांना खुपते. ध्वनी कार्डाच्याच एचडीएमआयमधून घेतला, वेगळ्या साउंड कार्डातून नव्हे, तर हा त्रास पुष्कळ कमी होतो.

चॅनेलचा क्रम, आणि सहा शब्दांची चाचणी

आता सुरुवातीच्या त्या घुसमटलेल्या निवेदकाकडे वळू. सहा चॅनेल आले एवढ्यावर भागत नाही. ते कोणत्या क्रमाने आले, हेही तितकेच महत्त्वाचे आहे, आणि दुर्दैवाने सर्वांचा क्रम एक नाही. वेव्ह आणि फ्लॅकमध्ये क्रम असतो डावा, उजवा, मधला, एलएफई (सबवूफरचा खर्ज), मागचा डावा, मागचा उजवा. एचडीएमआयच्या पीसीएममध्ये तिसरा एलएफई आणि चौथा मधला असतो. लिनक्सच्या अल्सा या ध्वनी यंत्रणेत मागचे दोन्ही आधी येतात आणि मधला पाचवा होतो, तर एएसीच्या पोटात मधलाच पहिला असतो. प्रत्येक पायरीवरील सॉफ्टवेअरने हा क्रम न चुकता बदलून घ्यायचा असतो. माझ्या कार्डाच्या ड्रायव्हरने एचडीएमआयचा क्रम तसाच पुढे ढकलला होता. परिणामी संवाद सबवूफरकडे गेले आणि ढोलाचा खर्ज मधल्या लहान स्पीकरकडे.

म्हणून खऱ्या रेकॉर्डिंगच्या आधी स्वतःची चाचणी फाइल करावी. ऑडॅसिटीमध्ये सहा मोनो ट्रॅक घ्यावेत आणि प्रत्येकात, एकामागून एक, त्या स्पीकरचे नाव बोलून रेकॉर्ड करावे : ‘डावा’, ‘उजवा’, ‘मधला’, याप्रमाणे. एलएफईच्या ट्रॅकमध्ये बोलण्याऐवजी ५० हर्ट्झचा स्वर ठेवावा, कारण तो चॅनेल १२० हर्ट्झपर्यंतच्या खर्जासाठीच असतो. ही फाइल सहा चॅनेलच्या फ्लॅकमध्ये निर्यात करून बॉक्सवर कोडीतून वाजवावी, नेहमीच्या साखळीने रेकॉर्ड करावी आणि मिळालेली फाइल पुन्हा ऑडॅसिटीत उघडावी. पहिल्या वेळी या खटाटोपाला अर्धा तास लागतो. पुढे तीच फाइल प्रत्येक नव्या तारेसाठी आणि प्रत्येक अद्ययावत आवृत्तीनंतर वापरता येते.

उघडल्यावर काय पाहायचे? सहा ट्रॅकांपैकी प्रत्येकात एकेकच शब्द, आपल्या जागी आणि आपल्या वेळी, असेल तर साखळी निर्दोष आहे. चार ट्रॅक सपाट असतील तर स्रोत स्टीरिओ आहे आणि ओबीएसने जागा भरली आहे. ‘मधला’ हा शब्द डाव्या-उजव्या दोन्ही ट्रॅकांत सारखा ऐकू येत असेल तर वाटेत कुठेतरी मिश्रण झाले आहे. ओळखपत्राच्या पायरीवर परत जावे. मागच्या चॅनेलांत पुढच्यांचीच नक्कल असेल तर एखादा ड्रायव्हर आपल्यावर उपकार म्हणून आवाज पसरवतो आहे. संशय आला तर त्यातील एका ट्रॅकची लहर उलटी करून दुसऱ्यात मिळवावी. पूर्ण शांतता झाली की ती नक्कलच ठरते. आणि शब्द बरोबर आहेत पण ट्रॅकांची अदलाबदल झाली आहे, असे आढळल्यास घाबरण्याचे कारण नाही : तो केवळ क्रमाचा दोष आहे आणि तो नंतरही दुरुस्त होतो.

माझी फाइल त्यामुळेच वाचली. ध्वनी फ्लॅकमध्ये होता, तिसरा आणि चौथा चॅनेल एफएफएमपेगने आपसांत बदलून घेतले, चित्राला हात लावला नाही, आणि काही मिनिटांत निवेदक मधल्या स्पीकरवर, ढोल सबवूफरवर आणि टाळ्या पाठीमागे, जिथल्या तिथे जाऊन बसले.